विष्णू वासुदेव नारळीकर

विष्णू वासुदेव नारळीकर (जन्म : कोल्हापूर, २६ सप्टेंबर १९०८, मृत्यू : पुणे, १ एप्रिल १९९१) हे मराठी गणिती, व्यापक सापेक्षता सिद्धान्ताचे अभ्यासक आणि अध्यापक होते. रँग्लर नारळीकर या नावाने ते महाराष्ट्रात ओळखले जात. बनारस हिंदू विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख म्हणून १९३२ पासून त्यांनी सुमारे २८ वर्षे काम केले आणि तेथे सापेक्षतेच्या संशोधनाची एक परंपरा उभी केली. किरणोत्सर्जन करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचे समीकरण मांडणारे प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध शिष्य. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र होत.

ज्या काळात व्यापक सापेक्षता हा भौतिकीतील एकाकी कोपरा मानला जाई, आणि गुरुत्वीय लहरी खरोखर असतात की त्या केवळ समीकरणांतील भास आहेत याविषयी या सिद्धान्ताच्या जाणकारांमध्येच मतभेद होते, त्या काळात नारळीकरांनी हा विषय भारतात शिकवला आणि वाढवला. आज पुणे जिल्ह्यातून विश्वाच्या आरंभीच्या अवस्थेतील गुरुत्वीय लहरींचा जो शोध चालतो, त्याच्या पूर्वइतिहासात त्यांच्या कार्याला स्थान आहे.

शिक्षण

नारळीकरांचे शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईला गेले आणि १९२८ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी त्यांनी उच्च श्रेणीत मिळवली. त्याच वर्षी ते केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. या प्रवासाचा खर्च एका शिष्यवृत्तीत भागण्यासारखा नव्हता. मुंबई विद्यापीठाचे साहाय्य, जे. एन. टाटा एन्डाउमेंटची शिष्यवृत्ती आणि कोल्हापूर संस्थानाने दिलेले कर्ज अशा तीन आधारांवर त्यांचे विलायतेतील शिक्षण पार पडले.

केंब्रिजच्या गणित ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्यास रँग्लर म्हणतात. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला होता. नारळीकरांनी १९३० मध्ये ही परीक्षा विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण केली. खगोलशास्त्रातील टायसन पदक, आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती आणि रेली पारितोषिक हे केंब्रिजमधील मानही त्यांना मिळाले. तेथे त्यांना जोसेफ लार्मर आणि आर्थर एडिंग्टन यांचे मार्गदर्शन लाभले.

एडिंग्टन यांच्या सहवासाचा परिणाम नारळीकरांच्या पुढील कामावर झाला. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ वाकतो हे दाखवणाऱ्या मोहिमेचे एडिंग्टन एक नेते होते, आणि इंग्रजी भाषक जगात आइन्स्टाइन यांचा सिद्धान्त पोहोचवण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते. गुरुत्वीय लहरींच्या बाबतीत मात्र त्यांची दृष्टी चिकित्सक होती. आइन्स्टाइन यांनी १९१६ व १९१८ मध्ये वर्तवलेल्या लहरींची एडिंग्टन यांनी १९२२ मध्ये तपासणी केली. त्यांतील काही प्रकारच्या लहरी निसर्गात नसून निवडलेल्या सहनिर्देशकांमुळे निर्माण झालेल्या आहेत आणि केवळ उरलेला आडव्या कंपनांचा प्रकारच प्रकाशाच्या वेगाने जातो, हे त्यांनी दाखवून दिले. गणितात दिसणारी प्रत्येक गोष्ट भौतिक जगात असतेच असे नाही, हा धडा त्या काळातील सापेक्षतेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला घ्यावा लागे.

बनारस हिंदू विद्यापीठ

बनारस हिंदू विद्यापीठाचे संस्थापक मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून नारळीकर १९३२ मध्ये भारतात परतले आणि विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. त्या वेळी ते जेमतेम २४ वर्षांचे होते. विद्यापीठाच्या स्थापनेला १६ वर्षे झाली होती. केंब्रिजची ग्रंथालये, वेधशाळा आणि विद्वानांचा रोजचा सहवास सोडून आलेल्या तरुण प्राध्यापकाला येथे विभागाचा अभ्यासक्रम, अध्यापन आणि संशोधन या तिन्ही गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागले.

व्यापक सापेक्षतेसाठी हा काळ अनुकूल नव्हता. बुध ग्रहाच्या उपसूर्य बिंदूचे शतकामागे ४३ विकलांचे सरकणे, सूर्याजवळ प्रकाशाचे वाकणे आणि प्रकाशाचे गुरुत्वीय ताम्रसरण, एवढ्याच तीन कसोट्या सिद्धान्तापाशी होत्या. जगभरातील तरुण भौतिकशास्त्रज्ञ पुंजयामिकी आणि अणुकेंद्रीय भौतिकी यांकडे वळत होते. भारतात कोलकात्यात निखिलरंजन सेन आणि त्यांचे विद्यार्थी या विषयात काम करत. दुसरे केंद्र नारळीकरांनी बनारसला उभे केले. या विषयाला प्रयोगशाळा किंवा महाग उपकरणे लागत नसत. प्रदिशांचे गणित, कागद आणि शिकवणारा गुरू एवढ्यावर संशोधन होऊ शके. साधनांची चणचण असलेल्या विद्यापीठात हा विषय रुजण्यामागे हेही एक कारण होते.

नारळीकरांच्या लेखनाचा आवाका मोठा होता. न्यूटनीय यामिकीत वस्तुमान या संकल्पनेची व्याख्या कशी करावी आणि ते कसे ठरवावे यावर त्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाची दखल विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावरील पुढील लेखनात घेतली गेली. व्यापक सापेक्षतेत पदार्थकणांच्या गतीची समीकरणे, गोलीय सममिती असलेली गुरुत्वक्षेत्रे, तसेच गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व यांना एका सूत्रात बांधू पाहणारे सिद्धान्त यांवर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केले.

वैद्य आणि प्रकाशमान तारा

कार्ल श्वार्त्सशिल्ट यांनी १९१६ मध्ये आइन्स्टाइन यांच्या समीकरणांची पहिली अचूक उकल दिली. त्या उकलीत ताऱ्याबाहेरचा अवकाश पूर्णपणे रिकामा मानला आहे. प्रत्यक्षात तारे प्रकाश फेकत असतात. सूर्य प्रकाशाच्या रूपाने दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान गमावतो. म्हणजे ताऱ्याभोवतीचा अवकाश किरणांनी भरलेला असतो आणि ताऱ्याचे वस्तुमान सतत घटत असते. अशा ताऱ्याचे गुरुत्वक्षेत्र कसे असेल, हा प्रश्न अनुत्तरित होता.

प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण १९४२ मध्ये नारळीकरांकडे शिकण्यासाठी बनारसला आले. त्यांच्याकडे शिष्यवृत्ती वा नोकरी नव्हती. साठवलेल्या पैशांवर पत्नी व लहान मुलीसह ते सुमारे दहा महिने तेथे राहिले. देशात चले जाव आंदोलनाची धामधूम असताना या दोघांचे संशोधन चालू होते. वैद्यांनी काढलेली उकल १९४३ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ती आज वैद्य मेट्रिक या नावाने ओळखली जाते. पुढे गुरू-शिष्यांनी मिळून १९४७ मध्ये नेचर या नियतकालिकातही लेखन केले.

जवळजवळ वीस वर्षे या उकलीकडे फारसे कोणी वळले नाही. १९६० च्या दशकात क्वासारांचा शोध लागला, अतिप्रचंड ऊर्जा आणि गुरुत्वीय अवपात हे विषय ऐरणीवर आले, आणि मग वैद्य मेट्रिकचे महत्त्व ओळखले गेले. कोसळणारा तारा आणि किरणोत्सर्जनाने झिजत जाणारे कृष्णविवर यांच्या अभ्यासात ती आजही वापरली जाते.

वैद्यांचा तारा प्रकाश उत्सर्जित करतो, गुरुत्वीय लहरी नव्हे. पूर्ण गोलाकार वस्तू गोलाकार राहूनच आकुंचन किंवा प्रसरण पावत असेल, तर तिच्यापासून गुरुत्वीय लहरी निघू शकत नाहीत. त्यासाठी रचना असममित असावी लागते. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे हे त्याचे सोपे उदाहरण. तरीही बाहेर जाणाऱ्या ऊर्जेमुळे उगमाचे वस्तुमान घटते आणि भोवतालची भूमिती काळानुसार बदलते, ही गोष्ट अचूक समीकरणात बांधण्याचे पहिले यशस्वी उदाहरण म्हणून या कामाकडे पाहिले जाते.

अपरिवर्ती राशी

आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्तात एकाच अवकाश-काळाचे वर्णन असंख्य सहनिर्देशक पद्धतींनी करता येते. एका पद्धतीत सपाट दिसणारी भूमिती दुसऱ्या पद्धतीत गुंतागुंतीची दिसू शकते. म्हणून समीकरणातील एखादा चढउतार हे खरे गुरुत्वाकर्षण आहे की वर्णनाचा दोष आहे, हे ठरवण्यासाठी सहनिर्देशक बदलले तरी न बदलणाऱ्या राशी हव्या असतात. चार मितींच्या सर्वसाधारण अवकाश-काळात वक्रतेपासून बनणाऱ्या अशा १४ स्वतंत्र राशी असतात. हा आकडा सहज समजण्यासारखा आहे : वक्रतेचे २० स्वतंत्र घटक असतात, आणि निरीक्षकाच्या दिशा व वेग बदलण्याच्या ६ मुभा वजा केल्या की १४ उरतात. नारळीकर आणि के. आर. करमरकर यांनी १९४९ मध्ये या राशींचा संच स्पष्ट रूपात मांडला. करमरकर यांनी १९४८ मध्ये दिलेली एक अट घन ताऱ्यांच्या गणिती प्रतिकृती तयार करताना अलीकडच्या काळात पुन्हा मोठ्या प्रमाणावर वापरात आली असून ती करमरकर अट म्हणून ओळखली जाते.

गुरुत्वीय लहरींच्या वादाचे मूळही याच प्रश्नात होते. आइन्स्टाइन यांनी नेथन रोझेन यांच्यासह १९३६ मध्ये केलेल्या गणितावरून काही काळ अशा लहरी नसतातच असा निष्कर्ष काढला होता. चूक सहनिर्देशकांच्या निवडीत असल्याचे लक्षात आल्यावर तो बदलण्यात आला. अमेरिकेत चॅपेल हिल येथे १९५७ मध्ये भरलेल्या परिषदेनंतर मतांचे पारडे लहरींच्या बाजूला झुकले. मुक्त कणांमधील अंतर लहरीमुळे प्रत्यक्ष कमी-जास्त होते, ते कोणत्याही सहनिर्देशकांनी पुसता येत नाही, आणि लहर ऊर्जा वाहून नेते, हे तेथील चर्चेतून स्पष्ट झाले.

या चर्चेत अपरिवर्ती राशींची उपयुक्तता दिसली, तशी मर्यादाही दिसली. सपाट गुरुत्वीय लहरीच्या बाबतीत वक्रतेपासून बनणाऱ्या सर्व अपरिवर्ती राशी शून्य येतात, तरी लहर खरी असते. त्यामुळे या राशींच्या जोडीला वक्रतेच्या रचनेचे वर्गीकरण करणाऱ्या अन्य पद्धती विकसित कराव्या लागल्या.

अजमेर आणि पुणे

नारळीकरांनी १९६० मध्ये बनारस सोडले. त्यानंतर १९६६ पर्यंत ते राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. आयोगाचे कार्यालय अजमेरला आहे. १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठात उपयोजित गणिताचे लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९७३ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या पुण्यातील विद्यार्थ्यांपैकी नरेश दधीच पुढे आयुका या संस्थेचे संचालक झाले.

देशभर विखुरलेल्या सापेक्षतेच्या अभ्यासकांना एकत्र आणणारी इंडियन असोसिएशन फॉर जनरल रिलेटिव्हिटी अँड ग्रॅव्हिटेशन ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. नारळीकरांच्या साठाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने अहमदाबादला जमलेल्या अभ्यासकांनी ती स्थापली आणि नारळीकर तिचे पहिले अध्यक्ष झाले.

कुटुंब

नारळीकरांच्या पत्नी सुमती या संस्कृतच्या अभ्यासक होत्या. संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजुरबाजार हे सुमतीबाईंचे बंधू. थोरले पुत्र जयंत (१९३८–२०२५) यांचे बालपण बनारस हिंदू विद्यापीठाच्या परिसरात गेले. मुलांना गणिते सोडवण्यासाठी घराच्या भिंतीवर फळे होते, अशी आठवण जयंत नारळीकरांनी नोंदवली आहे. वडिलांप्रमाणे तेही केंब्रिजला गेले, रँग्लर झाले आणि टायसन पदकाचे मानकरी ठरले. धाकटे पुत्र अनंत नारळीकर यांनी अतिसंवाहकतेच्या क्षेत्रात संशोधन केले.

गुरुत्वीय लहरी आणि वैश्विक तंतू

नारळीकरांच्या हयातीत गुरुत्वीय लहरींचा पहिला अप्रत्यक्ष पुरावा मिळाला. रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना १९७४ मध्ये सापडलेल्या जोडताऱ्यातील दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांजवळ सरकत असल्याचे पुढील काही वर्षांत मोजले गेले. लहरींवाटे ऊर्जा बाहेर जात असेल, तर ते जेवढे सरकायला हवेत तेवढेच ते सरकत होते. प्रत्यक्ष नोंद मात्र १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो उपकरणांत झाली. सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकत्र आली आणि सूर्याच्या सुमारे तिप्पट वस्तुमान लहरींच्या रूपाने बाहेर पडले.

नारळीकर उतारवयात असताना विश्वाच्या आरंभीच्या काळातील लहरींचा एक वेगळा उगम सुचवला गेला. चेन्नईत जन्मलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ टॉम किबल यांनी १९७६ मध्ये वैश्विक तंतूंची कल्पना मांडली. पाणी गोठताना बर्फ एकाच वेळी अनेक ठिकाणी तयार होऊ लागतो आणि जेथे हे तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत तेथे दोषरेषा राहतात. विश्व थंड होताना त्याच्या मूलभूत क्षेत्रांतही अशा रेषा राहिल्या असाव्यात, आणि त्या रेषांत आधीच्या तप्त अवस्थेतील ऊर्जा कोंडलेली असावी, असा हा तर्क आहे. हे तंतू प्रोटॉनपेक्षाही कितीतरी बारीक असतात. मूळ कल्पनेतील सर्वांत जड तंतूंच्या अवघ्या काही किलोमीटर लांबीत पृथ्वीएवढे वस्तुमान मावेल. तंतू एकमेकांना छेदतात तेव्हा त्यांची वेटोळी सुटी होतात. ती वेटोळी प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास कंप पावतात, गुरुत्वीय लहरी सोडतात आणि आक्रसत नाहीशी होतात. विश्वाच्या इतिहासभर अशा वेटोळ्यांमधून निघालेल्या लहरी एकत्र मिसळून सर्व दिशांनी येणारी मंद पार्श्वभूमी तयार होईल, असे गणित सांगते. असा एकही तंतू अद्याप सापडलेला नाही.

नारळीकरांनी वैश्विक तंतूंवर काम केले नव्हते. परंतु खरे गुरुत्वाकर्षण ओळखायचे कसे, हा त्यांच्या अभ्यासातील प्रश्न येथे नव्याने पुढे येतो. सरळ तंतूच्या बाहेर वक्रता शून्य असते, म्हणून तेथील सर्व अपरिवर्ती राशीही शून्य असतात. तरीही तंतूभोवती काढलेल्या वर्तुळाचा परीघ नेहमीच्या वर्तुळापेक्षा कमी भरतो, कारण अवकाशाची एक पाचर जणू कापून काढलेली असते. त्यामुळे तंतूमागील दीर्घिकेच्या दोन प्रतिमा दिसू शकतात. एका जागी उभे राहून न कळणारी गोष्ट संपूर्ण फेरी मारल्यावर कळते.

या लहरींच्या शोधात पुणे जिल्ह्याचा वाटा आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगावाजवळ खोडद येथे असलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची आहे. तिच्या साहाय्याने इंडियन पल्सार टायमिंग ॲरे हा गट स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांची वेळ अचूक मोजतो. ज्यांचे एक आंदोलन पूर्ण व्हायला कित्येक वर्षे लागतात अशा लहरी मधून गेल्यास अनेक ताऱ्यांचे ठोके विशिष्ट नमुन्यात पुढेमागे होतात. या गटाने युरोपीय गटासह जून २०२३ मध्ये अशा पार्श्वभूमीचा पुरावा जाहीर केला. त्यासाठी सुमारे २५ वर्षांच्या नोंदी वापरल्या होत्या. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधील गटांनीही त्याच सुमारास आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दीर्घिकांच्या केंद्रांतील महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हे त्याचे सर्वांत संभाव्य कारण मानले जाते. वैश्विक तंतू हा तपासला जाणारा एक पर्याय आहे, आणि याच मोजमापांवरून तंतू किती जड असू शकतात यावर मर्यादाही घालता येतात.

पदे आणि सन्मान

- १९३० : केंब्रिज विद्यापीठ, गणित ट्रायपॉस विशेष प्रावीण्यासह, टायसन पदक, आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती व रेली पारितोषिक हे मानही केंब्रिजमध्येच
- १९३२–१९६० : गणित विभागप्रमुख, बनारस हिंदू विद्यापीठ
- १९६०–१९६६ : अध्यक्ष, राजस्थान लोकसेवा आयोग
- १९६६–१९७३ : लोकमान्य टिळक प्राध्यापक, पुणे विद्यापीठ
- १९६९ : पहिले अध्यक्ष, इंडियन असोसिएशन फॉर जनरल रिलेटिव्हिटी अँड ग्रॅव्हिटेशन
- भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि भारतीय विज्ञान अकादमी यांचे सदस्यत्व

वारसा

नारळीकरांचे निधन १ एप्रिल १९९१ रोजी पुण्यात झाले. तीन वर्षांपूर्वी, १९८८ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या परिसरातच जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र केंद्राची स्थापना झाली होती. वडिलांच्या निधनाच्या वर्षीच आयुकातील बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी गोंगाटातून गुरुत्वीय लहरीचा संकेत वेगळा काढण्याच्या गणिती पद्धतीवर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. या प्रकारच्या पद्धती पुढे लायगोच्या नोंदी तपासताना उपयोगी पडल्या. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे उभारल्या जात असलेल्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. तेथील उपकरणाच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील.

नारळीकरांच्या नावाने ओळखले जाणारे एखादे प्रसिद्ध समीकरण नाही. ज्या विषयाच्या निरीक्षणाची साधने अजून निर्माण व्हायची होती, त्याचे शिक्षण दीर्घकाळ चालू ठेवणे हे त्यांचे प्रमुख कार्य ठरले. वैद्यांनी ती परंपरा गुजरातेत नेली, दधीच यांनी पुण्यात चालवली. गुरुत्वीय लहरींच्या निरीक्षणाचा काळ आला, तेव्हा तिचे गणित जाणणारी पिढी भारतात तयार होती.